यमुआत्याची नानकटाई आणि माझा डिजिटल काटा

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा. आज यमुआत्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये.

दारावर झेंडूचं तोरण बांधताना स्टूल हललं. स्टूल धरायचं काम माझ्याकडे होतं हे खरं आहे आणि मी ते धरलंही होतं. पण तेवढ्यात चौकातून रावण घेऊन ट्रक गेला. दहा तोंडांपैकी एक उलटं बसवलेलं. असं काही दिसल्यावर माणूस दोन पावलं पुढे जाणारच. यात माझा दोष पन्नास टक्केसुद्धा निघत नाही. स्टूल जुनंच होतं.

आजपासून रोजनिशी. वही आत्याच्या मयुरीची आहे. ती रामदासपेठेत एका हॉस्पिटलात नर्सिंग शिकते. समोरची पानं हाडांनी भरली आहेत, म्हणून मी मागून सुरुवात केली.

संकल्प: रोज लिहिणे. या घरात उपयोगी पडणे. दाढी.

४ ऑक्टोबर

घरात मीटिंग. विषय नानकटाई.

आमच्या गोळीबार चौकातल्या विणकरांच्या गल्लीची पद्धत अशी की दिवाळीआधी बायका आपापलं तूप, मैदा, साखर, असं सगळं डब्यात घालून आत्याकडे आणून टाकतात. आत्या ते फेसते, मळते, भट्टीवर नेऊन भाजून आणते आणि मजुरी घेऊन ज्याचा त्याचा डबा भरून परत करते. आतोबा गेले त्या वर्षापासून आत्याची दिवाळी यावरच निघते. शिवाय गल्लीत नाव. यमुताईची नानकटाई म्हटलं की पुढे कोणी काही बोलत नाही.

यंदा हात असा. समोरच्या इंदूबाई टपलेल्याच आहेत. आत्या पडली तेव्हा त्याच पहिल्या धावत आल्या आणि आत्याला उठवता उठवता म्हणाल्या, "यंदा डबे माह्याकडं पाठवून दे नं वं, यमुताई. काहून जीवाले त्रास करून घेतं?"

आत्या आज म्हणाली, "एक साल डबे रस्ता वलांडून गेले तं वापस येत नाई."

मी म्हणालो, मी करतो.

मयुरी इतकी हसली की तिला ठसका लागला. मी तिला शांतपणे सांगितलं की मला बेकिंगचा अनुभव आहे. म्हणजे पहाडात कसोलला हॉस्टेलमध्ये राहत होतो तेव्हा एक परदेशी मुलगी रोज केळ्यांचा केक करायची आणि केळी मी सोलायचो. ती प्रत्येक वस्तू डिजिटल काट्यावर मोजायची. कप नाही, वाटी नाही, चिमूट नाही. ग्रॅम. ती म्हणायची, बेकिंग म्हणजे सायन्स. ती असंही म्हणायची की सोललेली केळी खाऊ नकोस, पण ते वेगळं.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "करशीन का नक्की?" मी म्हणालो, आत्या, फक्त एक काटा पाहिजे.

दुपारी उमरेडहून बाबांचा फोन. स्पीकरवर होता हे त्यांना माहीत नसावं. "ते पोट्टं अजून तिथंच पडून हाय का? मी भाऊबीजेले येतो. काही करून राहिला असंन तं ठीक. नाई तं वापसीत सोबत घेऊन येतो, दुकानात बसवतो." दुकान म्हणजे पीव्हीसी पाइपांचं. पाइपात या बाजूने डोळा लावला तरी उमरेड दिसतं आणि त्या बाजूने लावला तरी उमरेडच.

आत्या म्हणाली, "राहू दे नं, दादा. यंदाची नानकटाई त्याच्याच हाती हाय."

मला तिने विचारलंसुद्धा नाही आणि सांगून टाकलं. असा विश्वास आमच्या खानदानात कोणी कोणावर टाकलेला नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

काटा घ्यायला इतवारीला गेलो. भांड्यांच्या ओळीत चौथ्याच दुकानात मिळाला असता. पण वाटेत एक हातगाडी आणि एक टेम्पो समोरासमोर अडकले होते आणि दोघांपैकी कोणीच मागे घ्यायला तयार नव्हतं. हातगाडीवाल्याचं म्हणणं मला बरोबर वाटलं. मी तसं म्हणालो. मग टेम्पोवाला माझ्याशी बोलायला लागला. दोघांमध्ये समेट झाला तेव्हा दुकानं जेवणासाठी बंद होत होती.

तरी काटा मिळाला. पांढरा, वर काच, खाली निळे आकडे. पाच किलोपर्यंत, एक-एक ग्रॅमने. दुकानदाराने सांगितलं, "एक बटन चालू-बंद, एक बटन टेअर." बाकी मी ऐकलं नाही, कारण मला येतं.

७ ऑक्टोबर

टेअर ही काय चीज आहे! काट्यावर पातेलं ठेवा, बटन दाबा, पातेल्याचं वजन शून्य. पातेलं आहे, पण नाही. मग मैदा घाला, फक्त मैद्याचं वजन. पुन्हा दाबा, मैदाही गेला. मागचं सगळं माफ, पुढचं मोजा. मी अर्धा तास नुसता बटन दाबत बसलो होतो. दहावीचा निकाल, पुण्यातली डिलिव्हरीची नोकरी, गोव्यातून मालकाने हाकललं ते, सगळं काट्यावर ठेवलं आणि टेअर केलं.

आत्याला समजावून सांगितलं. तिने प्लास्टरचा हात काट्यावर ठेवला. म्हणाली, "याचं वजन किती हाय पाहू." मी म्हणालो, असं नाही कळणार, आधी हात टेअर करावा लागेल, मग प्लास्टर. म्हणाली, "हात तं शून्यच हाय गा सध्या, दाब बटन."

आत्याला सायन्स पटकन कळतं. मयुरीला नाही. ती म्हणाली, नानकटाईची तयारी काय झाली? मी म्हणालो, सध्या काट्याची ओळख चालू आहे. आज मोजलेल्या वस्तू: मयुरीचा मोबाइल, एक लिंबू, दुसरं लिंबू, देवघरातली घंटा, माझी चप्पल, पाल (पाल राहिली नाही, नोंद अपूर्ण).

लिंबं दिसायला सारखी, पण वजनात फरक निघाला. म्हणजे आजवर जगात कोणी लिंबू बरोबर पिळलेलंच नाही.

९ ऑक्टोबर

लिहायला वेळ नाही. सराव करायचा म्हणून मैदा आणायला निघालो. कोपऱ्यावर लहानूचा टेम्पो भेटला, तो कळमन्याच्या बाजारात चालला होता. म्हटलं, मैदा होलसेलमध्येच घ्यावा. तिथे संत्र्यांचा लिलाव चालू होता. लिलाव मध्येच सोडून जाणं बरं दिसत नाही. मग लहानूला रामटेकची ट्रिप मिळाली.

हे मी रामटेकहून लिहितो आहे. इथली हवा छान आहे.

१० ऑक्टोबर

परत आलो. मैदा राहिला. संत्री आणली. आत्या फक्त संत्री सोलून दे म्हणाली. एका हाताने सोलता येत नाही तिला.

सोललेल्या संत्र्याचं आणि सालीचं वेगवेगळं वजन केलं. साल फारच जास्त भरते. शेतकरी आपल्याला साल विकतो आहे. यावर एक व्हिडिओ करायला हवा.

मयुरी म्हणाली, "मैदा मी आणून ठेवला हाय. उद्या-परवात करून दाखव. नाई तं मी इंदूबाईले सांगून येतो." मुलींनी इतकी घाई करू नये.

१२ ऑक्टोबर, रविवार

पहिला प्रयोग. कुकरमध्ये मिठाचा थर, त्यावर ताटली, शिटी काढलेली. मोबाइलवरून प्रमाण घेतलं. मैदा दोनशे ग्रॅम. अगदी दोनशेवर थांबलो, हात थरथरला नाही.

तेवढ्यात चेतनचा फोन. चेतन म्हणजे माझा शाळेतला मित्र, त्याच्या मामाच्या वावरात अस्वल आलं होतं. अस्वलाच्या बाबतीत फोन ठेवता येत नाही. परत आलो तर काटा बंद पडलेला. कोणी हात लावला नाही म्हणून स्वतःच बंद झाला. किती जीव नाजूक! चालू केला. शून्य दाखवतो. काटा शून्य म्हणतो म्हणजे शून्य. डिजिटल वस्तू खोटं बोलत नाही. मी पुन्हा दोनशे ग्रॅम घातला.

नानकटाई चांगली झाली, फक्त कडक. आत्याने एक डाव्या हातात घेतली, दातात धरली, काढली, परत ताटात ठेवली. ताटात खट्ट आवाज आला. मयुरी म्हणाली, "आमच्या ऑर्थोच्या वॉर्डात देऊ का? हाडाऐवजी बसवतीन."

कारण शोधून काढलं: कुकर. कुकर बेकिंगसाठी बनलेलाच नसतो.

१३ ऑक्टोबर

सकाळी उठलो तर घरभर वेलचीचा वास. आत्या आणि मयुरीने माझ्या काट्यावर छोटा घाणा केला. आत्या आकडे सांगत होती, मयुरी हात चालवत होती. नानकटाई तोंडात घातली की विरघळते. वरची भेगसुद्धा बरोबर मध्यभागी.

त्याच कुकरमध्ये.

आत्या म्हणाली, "भल्ला कामाचा हाय गा तुहा काटा. मी उगीच इतके साल डालड्याच्या डब्यानं मोजत बसली." मी म्हणालो, बघ! माझी सिस्टिम आहे ही. मी नसतो तर काटा कुठून आला असता? आत्या म्हणाली, "हाव नं बापा." मयुरीने भांडं जोरात आपटलं.

एकूण निष्कर्ष: सिस्टिम तयार आहे. आता सरावाची गरज नाही.

१४ ऑक्टोबर

आराम.

१५ ऑक्टोबर

आज डबे आले. दिवसभर दार वाजत होतं. प्रत्येक डब्यावर नाव, रंगाने किंवा खिळ्याने कोरलेलं. तुपाचे डबे वेगळे, कापडात बांधलेले. गोदूबाई नावाच्या म्हाताऱ्या आज्जी आल्या, त्यांनी तुपाचा डबा माझ्या हातात दिला पण सोडेनात. "घरचं हाय, सांभाळून घे गा. दोन महिने साय जमवली, नातू येऊन राहिले पुण्याहून." मी म्हणालो, आज्जी, ग्रॅमसुद्धा इकडचा तिकडे होणार नाही. त्या म्हणाल्या, "ग्रामाचं मले समजत नाई. यमुताईवर भरोसा हाय."

आत्या ओट्यावर बसून सगळ्यांना एकच सांगत होती. "माहा भाचा करून राहिला यंदा. मशीन आणली त्यानं."

इंदूबाई डबा घेऊन नाही, नुसत्याच आल्या. काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत काट्याकडे बघितलं. "याच्यावर तं बाई सोनं मोजते." मी त्यांना त्यांच्या कानातल्याचं वजन करून देऊ का विचारलं. त्यांनी कान झाकले आणि गेल्या.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आजचा दिवस माझा. सगळं आज फेसून-मळून ठेवायचं, उद्या सकाळी भट्टीवर आपला नंबर.

आत्याची प्लास्टरची तपासणी होती, मयुरी तिला घेऊन गेली. जाताना आत्याने दोन गोष्टी सांगितल्या. तूप थिजलेलंच घे, पातळ करू नको. आणि मोजताना दुसरीकडं कुठं जाऊ नको. मयुरीने खडू दिला, म्हणाली, तुपाचं पातेलं परातीत पडलं की भिंतीवर एक रेघ मार. मी खडू परत केला. डिजिटल काटा समोर असताना भिंतीवर रेघा मारणाऱ्या घरात आपण राहत नाही.

तूप थिजलेलं मोजायला गेलो तर चमच्याला चिकटतं. ग्रॅम-ग्रॅमची ॲक्युरसी मिळत नाही. आत्याच्या सूचनेचा मी आदर करतो, पण त्यामागे काट्याच्या आधीचा काळ आहे. तूप थोडं गरम केलं. एकदम धार. थेंबाथेंबाने मोजता येतं. किती सुंदर!

काट्यावर एका वेळी एकच पातेलं मावतं, म्हणून तूप पातेल्यापातेल्याने मोजून परातीत ओतत होतो. पहिली काही पातेली एकदम परफेक्ट. मग रस्त्यावर आवाज झाला. समोर आकाशकंदील लावायला एक माणूस खांबावर चढला होता आणि खालून चार जण त्याला चार दिशा सांगत होते. मी पाचवी सांगायला गेलो. माझी बरोबर होती, पण कोणी ऐकलं नाही.

परत आलो, काटा बंद. पातेलं रिकामं. आता हे पातेलं ओतून रिकामं झालेलं की अजून भरायचं म्हणून रिकामं, हे आठवेना. परातीकडे पाहिलं. परात काही सांगत नाही.

विचार केला. तूप कमी पडलं तर कडक होते, हे रविवारी पाहिलंच आहे. (रविवारी कुकरमुळे, पण तरी.) म्हणून एक पातेलं जास्त घातलं. मग वाटलं, आधी कदाचित दोन राहिली असतील. सेफ्टी म्हणून अजून एक. सेफ्टी इंजिनीअरिंगमध्येही ठेवतात.

गोळा फार मऊ झाला आहे. रेशमासारखा. परात हलवली की तोही हलतो. आत्या परत आल्यावर झाकण ठेवून म्हणालो, आता उघडायचं नाही, मुरू दे. आत्या दमली होती, झोपली.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

भट्टीवरचा वृत्तांत सविस्तर लिहितो, कारण उद्या लोक वेगवेगळं सांगतील.

भट्टी इतवारीच्या अंगाला, भैय्याजींची. एरवी पाव-टोस्ट, दिवाळीच्या आधी फक्त घरच्या नानकटाया. बायका आपापल्या डब्यांवर बसून नंबरची वाट बघतात. नंबर आला की भैय्याजी पत्रे देतात, पटापट गोळे करून पत्रे भरायचे, ते आत ढकलतात. आग धरून ठेवता येत नाही, म्हणून हात चालले पाहिजेत. चुकला त्याचा नंबर शेवटी.

आमचा नंबर आला. मी काटा काढला. प्रत्येक गोळा बावीस ग्रॅम. यातच तर सगळं आहे, गोळे सारखे तर भाजणी सारखी. पण वर पंखा फिरत होता आणि त्याच्या वाऱ्याने आकडा हलत होता. बावीस, तेवीस, बावीस. मी पंखा बंद केला.

भट्टीसमोर, ऑक्टोबरमध्ये, तीसेक बायका.

काय काय ऐकलं ते सगळं लिहिता येणार नाही. एक बाई म्हणाली, "मारते का रे आम्हाले?" भैय्याजी म्हणाले, "बेटा, नानकटाई बना रहा है या मंगलसूत्र?" मी म्हणालो, काका, पाच मिनिटं, बारा गोळे झालेत. मागून कोणीतरी म्हणालं, "बारा! दिवाळी पुढच्या सालची हाय का याची?" पंखा परत चालू झाला, कोणी केला दिसलं नाही.

मग इंदूबाई उठल्या. त्यांचा नंबर आमच्यामागे होता. "हट गा," म्हणाल्या आणि परातीत हात घातला. आणि थांबल्या. हात वर केला तर बोटांवरून तूप ओघळत होतं.

"बापा! तूप कितीक घातलं गा?"

मी म्हणालो, प्रमाणात.

"कोणत्या प्रमाणात? हे तं भज्यांचं पीठ हाय. यमुताई, ये इकडं, पाह्य."

आत्या मागे डब्यावर बसली होती, ती उठून आली. डाव्या हाताचं एक बोट पिठात बुडवलं. बोटाकडे बघत राहिली. इंदूबाई म्हणाल्या, आणि हे मी मान्य करतो की चांगल्या आवाजात म्हणाल्या, "माह्याजवळ मैदा हाय, वं. घाल याच्यात. मी मळून देतो. तुहा नंबर गेला तं माह्या नंबरात टाकू."

मला फार राग आला. एवढं मोजून-मापून केलेलं आणि यात आता कोणाच्याही पिशवीतला कसाही मैदा ओतायचा? सगळ्यांसमोर? मी म्हणालो, "आत्या, ग्रॅम-ग्रॅम मोजलं आहे. तुझा माझ्यावर विश्वास नाही का?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. नंतर परातीकडे. भैय्याजी पत्रा घेऊन उभे होते.

"हाय नं," आत्या म्हणाली. "लावा, भैय्याजी."

बायकांनी मिळून गोळे टाकले. गोळे पत्र्यावर बसत नव्हते, टाकल्याबरोबर पसरून एकमेकांना भेटायला निघत होते. पत्रे आत गेले.

बाहेर आले तेव्हा नानकटाई एकच होती. पत्र्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पातळ, तपकिरी, कडेने जळलेली, मधे बुडबुडे.

भैय्याजींनी टोक चिमट्यात धरून उचललं. म्हणाले, "बाई, ये तो सतरंजी निकली."

इंदूबाईंची कोणी सोबतीण म्हणाली, "विणकराच्या घरचं पोट्टं हाय नं. आजाचा माग सुटला, याचं विणणं नाई सुटलं." सगळी भट्टी हसली. भैय्याजी हसले. खरं सांगायचं तर वाक्य चांगलं होतं, मलाही हसू आलं.

इंदूबाई हसल्या नाहीत. आत्याही नाही. तिने पदराने बोट पुसलं. मघाचंच बोट. ते कधीच कोरडं झालेलं होतं.

चव वाईट नव्हती, हे नोंदवून ठेवतो.

१८ ऑक्टोबर

सकाळी मन फार थकलेलं होतं. फुटाळा तलावावर जाऊन पाण्याकडे बघत बसलो. तिथे एक माणूस ड्रोन उडवत होता, तो झाडात अडकला, काढून द्यायला मदत केली. त्याने चहा पाजला. सांगायचा मुद्दा, मी काही रिकामा बसलो नव्हतो.

परत आलो तर घरात कोणी नव्हतं. आत्या आणि मयुरी गल्लीत घरोघर गेल्या होत्या. मयुरीने नंतर सांगितलं. बोलत नाहीये ती माझ्याशी, त्यामुळे भिंतीकडे बघून सांगितलं. आत्याने दिवाळीच्या लुगड्याचे पैसे ठेवले होते त्यातून नवीन तूप-मैदा घेतला, ज्याचा त्याचा डबा परत भरला आणि सगळे डबे इंदूबाईंकडे नेऊन दिले.

"गोदूबाईले घरच्या सायीचं तूप कुठून देशीन?" मयुरीने भिंतीला विचारलं.

लुगडं तसंही प्लास्टरवरून नेसायला त्रासच झाला असता. हे बोलून दाखवलं नाही. आता लिहिल्यावर पण बरं वाटत नाहीये.

दुपारी खिडकीतून पाहिलं. डबे समोरच्या ओट्यावर रांगेने. रस्ता ओलांडून गेलेले. आत्याने आमच्याकडची खिडकी लावून घेतली. ऊन येतं म्हणाली. आमच्या खिडकीत ऊन सकाळी येतं.

चुकीची कारणमीमांसा: १) आकाशकंदील. २) काट्याचं आपोआप बंद होणं. ही कंपनीची चूक आहे. ३) पंखा.

१९ ऑक्टोबर

इंदूबाई आल्या. आत्याला म्हणाल्या, "तुहा तो काटा दे नं वं दोन दिवस." आत्याने दिला. मला विचारलं नाही. माझा काटा आहे, पण सध्या काळ बरोबर नाही.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

डबे वाटले गेले. इंदूबाईंनी वाटले. लोक त्यांच्या ओट्यावरून हसत खिदळत डबे घेऊन चालले होते. काही जणी इकडे बघायच्या, मग मान वळवायच्या.

इंदूबाईंनी आमच्याकडे ताटली पाठवली, वर काटा. काटा पुसून स्वच्छ केलेला. नानकटाया एकीसारखी दुसरी. मी गुपचूप मोजल्या. बावीस, बावीस, बावीस, एकवीस, बावीस.

म्हणजे काट्याला काही झालेलं नाही.

मग कोणाला झालं, हा प्रश्न उरतो. पूजेची घाई होती, तो तसाच राहिला.

२२ ऑक्टोबर

बाबा उद्या येणार. बॅग भरावी की नाही? भरली तर आपणच हार मानली असं होतं. नाही भरली तर बाबा भरतील आणि ते कपडे घडी न करता कोंबतात. अर्धी भरली.

पाइपाच्या दुकानातही काही करून दाखवता येईल. पाइप मीटरने मोजतात. डिजिटल मीटर मिळतो.

मयुरी आज पहिल्यांदा सरळ बोलली. "मामाजीले तू सांगशीन का मी सांगू?" मी म्हणालो, मीच सांगेन, व्यवस्थित, पहिल्यापासून, आकड्यांसह. ती म्हणाली, "आकडे नको. फक्त तोंड उघड."

संकल्प: उद्या तोंड उघडणे.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

बाबा सकाळच्या गाडीने आले. आत्याने त्यांना डाव्या हाताने ओवाळलं. निरांजन तिरकं होत होतं, मयुरी खालून ताट धरून होती. बाबांनी प्लास्टरला हात लावून पाहिला, विचारलं, "हे कसं पाडून घेतलं, यमू?" आत्या म्हणाली, "स्टूल जुनं होतं."

जेवायला बसलो. बाबांनी विचारलंच. "नानकटाई कुठं हाय वं? उमरेडले दर साल डबा येते."

मयुरीने माझ्याकडे पाहिलं. मी बोलणारच होतो, पण तोंडात पुरी होती.

आत्या म्हणाली, "यंदा माह्यानंच बिघडली, दादा. हात असा. अंदाजच गेला. पोरगं तं लय सांगत होतं, तूप जास्त होऊन राहिलं म्हणून. मीच ऐकलं नाई त्याचं."

मयुरीचा हात ताटात थांबला. आत्या तिच्याकडे न बघता म्हणाली, "वाढ नं वं, मामाजीले बासुंदी वाढ."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना खोटं लगेच कळतं, फक्त ते माझ्याच तोंडून निघायची त्यांना सवय आहे.

"खरं हाय का बे?"

पुरी केव्हाच संपली होती.

मी म्हणालो, "हाव."

बाबांनी वाटी खाली ठेवली. म्हणाले, "मंग राहू दे याले इथंच. तुह्या हाताशी तरी येईन." संध्याकाळी निघताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. असा कधी ठेवला नव्हता. वजन चांगलं आहे त्यांच्या हाताला.

एकूण: आत्याने चूक कबूल केली. मी मोठ्या मनाने विषय वाढवला नाही.

मयुरी ड्यूटीवर गेली. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येतो आहे. एका हाताने घासल्यावर भांडं धरायला कोणी नसतं, ते मोरीत गोल फिरतं, त्याचा आवाज.

वर 'एकूण'पुढे लिहिलेल्या दोन ओळी खोडायच्या आहेत. उद्या खोडतो.